जुन्या घरातला स्टीम बॉयलर बदलायचाय? साइज कसा काढायचा, कुठला घ्यायचा आणि कुठे सावध राहायचं

न्यू जर्सी, न्यूयॉर्क किंवा बॉस्टनच्या बाजूला १९२०-३० च्या सुमाराचं घर घेतलेल्या आपल्यातल्या बऱ्याच जणांना क्लोजिंग (खरेदीचे व्यवहार पूर्ण) झाल्यावर कळतं की हे घर वाफेवर गरम होतं. प्रत्येक खोलीत ओतीव लोखंडाचा जड रेडिएटर, बेसमेंटमध्ये एक बॉयलर, आणि थंडी पडली की पाइपांमधून येणारे आवाज. पुण्या-मुंबईत, कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला घर गरम करायची भानगडच मुळात नवीन, त्यात ही शंभर वर्षं जुनी पद्धत. मग एखाद्या जानेवारीत बॉयलर गळायला लागतो, बाहेर बर्फ, घरात लहान मूल किंवा भारतातून आलेले आईवडील, आणि येईल तो काँट्रॅक्टर सांगेल तो साइज, मागेल ती किंमत मान्य करून मोकळं व्हावं लागतं. आमच्याकडचा बॉयलर बदलून झालाय, छान चाललाय, आणि त्या वेळी दहा ठिकाणांहून जी माहिती गोळा करावी लागली ती एका जागी असावी म्हणून हे लिहितेय. लांबलचक आहे, पण निदान रेडिएटर मोजायचा भाग तरी पूर्ण वाचा, कारण बाकी सगळं त्याच्यावरच उभं आहे.

आधी मूळ मुद्दा. स्टीम बॉयलरचा साइज घराच्या क्षेत्रफळावर ठरत नाही, खिडक्या नवीन बसवल्या की जुन्या आहेत यावर ठरत नाही, आणि जुना बॉयलर केवढा होता यावर तर अजिबातच नाही. घरात जोडलेले रेडिएटर मिळून किती वाफ पिऊ शकतात, एवढ्यावरच तो ठरतो. वाफ थंड लोखंडात शिरते, तिथे तिचं पाणी होतं आणि त्या वेळी ती उष्णता सोडते. बॉयलर लहान पडला तर वाफ जवळच्या रेडिएटरमध्येच संपते आणि टोकाची बेडरूम रात्रभर गार. मोठा घेतला तर वाफ जायला जागाच उरत नाही, प्रेशर चढतं, बर्नर बंद पडतो, दोन मिनिटांनी परत पेटतो, परत बंद. गॅस जास्त जळतो आणि आवाजही वाढतात. घरं जास्त करून या दुसऱ्या प्रकारात सापडतात, कारण मोठा बॉयलर विकताना कुणालाच भीती वाटत नाही.

१. तुमच्याकडे स्टीमच आहे ना, आणि बॉयलर खरंच गेलाय का, ते बघा

बॉयलरच्या अंगाला उभी काचेची नळी असेल आणि तिच्यात अर्ध्यापर्यंत पाणी दिसत असेल तर तो स्टीम. रेडिएटरला एकच पाइप असेल आणि दुसऱ्या टोकाला बोटाएवढी चंदेरी डबी फुसफुसत असेल तर ती वन-पाइप स्टीम. डबीला व्हेंट म्हणतात, आतली हवा बाहेर सोडून वाफ आली की ती बंद होते. दोन पाइप असतील आणि खालच्या बाजूला ट्रॅप (वाफ अडवून फक्त पाणी सोडणारा भाग) असेल तर टू-पाइप स्टीम. रेडिएटरमध्ये गरम पाणी फिरत असेल तर साइज वेगळ्या पद्धतीने काढतात, घरातून उष्णता किती बाहेर जाते यावरून, तेव्हा हा लेख तुमच्या कामाचा नाही.

बॉयलर पेटत नाही म्हणजे तो मेला असं नाही. पायलटचा थर्मोकपल, गॅस व्हॉल्व्ह, पाणी कमी झालं की बर्नर बंद करणारा लो वॉटर कटऑफ, प्रेशर चढलं की बर्नर बंद करणाऱ्या प्रेशरट्रोलखालची गाळाने भरलेली वळणदार नळी, हे सगळं दुरुस्त होतं. बॉयलरच्या लोखंडी सेक्शनला गंजून भोक पडलं किंवा तडा गेला तरच विषय संपला. ते तपासायचं असं: बॉयलर बंद करा, पूर्ण थंड होऊ द्या, मग पाणी नेहमीच्या रेषेच्या वर, वरून निघणाऱ्या पाइपापर्यंत सावकाश भरा आणि खाली पाणी टपकतंय का बघत थांबा. भोक बहुतेक वेळा पाण्याच्या रेषेच्या वर असतं, त्यामुळे एरवी खाली थेंबही दिसत नाही, सगळी वाफ चिमणीतून निघून जाते. बर्नर चालू असताना चिमणीतून पांढऱ्या वाफेचे लोटच्या लोट येत असतील आणि बॉयलरला सारखं पाणी घालावं लागत असेल तर संशय पक्का समजा. तपासून झालं की पाणी परत रेषेवर आणायला विसरू नका.

आणि हे जिवाशी संबंधित आहे म्हणून आत्ताच सांगते. नळीत पाणी दिसत नसेल आणि बॉयलर गरम असेल तर त्यात गार पाणी अजिबात सोडायचं नाही. बंद करा, थंड होऊ द्या, मगच भरा. कोरड्या तापलेल्या लोखंडावर गार पाणी पडलं की ते तडकतं, आणि परिणाम नुसत्या खर्चावर थांबेलच असं नाही.

२. वेळ कधीची धरायची

गणपती ते दसरा हा काळ उत्तम. हीटिंग सुरू झालेलं नसतं, चांगल्या लोकांच्या तारखा मिळतात, आणि बसवल्यावर पहिल्या थंड रात्रींत चाचणी होऊन जाते. वसंतात सीझन संपल्या संपल्या केलं तरी चालतं. भर थंडीतच बंद पडला तर बिघडलेल्या भागाची तात्पुरती डागडुजी होते का विचारा. तोपर्यंत तेलाचे इलेक्ट्रिक हीटर वापरता येतात, फक्त ते थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये लावा, एक्स्टेंशन कॉर्डवर नाही, आणि एका सर्किटवर दोन नको. किचन-बाथरूमच्या सिंकखालची कपाटं उघडी ठेवा, बाहेरच्या भिंतीतले पाण्याचे पाइप गोठू शकतात. असे चार-पाच दिवस काढता आले तरी तीन काँट्रॅक्टरांकडून कोट (कामाची लेखी किंमत) घ्यायला वेळ मिळतो, आणि त्याने मोठा फरक पडतो.

३. हाताशी काय काय लागेल

- इंचांची टेप, टॉर्च, वही किंवा फोनमधली शीट
- जुन्या बॉयलरच्या प्लेटचा फोटो (मॉडेल, इनपुट, आउटपुट वाचता येईल असा)
- बॉयलरच्या भोवतीच्या सगळ्या पाइपांचे चारही बाजूंनी फोटो
- चिमणीत जाणाऱ्या धुराच्या पाइपाचा फोटो आणि त्याचा व्यास
- बेसमेंटच्या छताची उंची, बॉयलर ठेवायच्या जागेचं माप, आणि खाली यायच्या जिन्याची-दाराची रुंदी
- विचारात असलेल्या मॉडेलचं इन्स्टॉलेशन मॅन्युअल, कंपनीच्या साइटवर फुकट मिळतं

४. रेडिएटर मोजा. स्वतः. सगळे.

वाफेच्या धंद्यात रेडिएटरची ताकद ईडीआर नावाच्या मापात धरतात आणि ती चौरस फुटांत लिहितात. १ चौरस फूट ईडीआर म्हणजे तासाला २४० बीटीयू (बीटीयू हे उष्णतेचं माप). हे चौरस फूट म्हणजे घराचं क्षेत्रफळ नव्हे. नवखे लोक इथे हमखास अडकतात: बॉयलरच्या माहितीपत्रकात ३२५ चौरस फूट वाचतात आणि म्हणतात, आमचं घर तर १,९०० चौरस फुटांचं, हा कसा पुरणार! दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही.

मोजायचं काय? तीनच गोष्टी. जमिनीपासून वरपर्यंत उंची, समोरून बघितल्यावर किती सेक्शन (एकाला एक जोडलेले उभे भाग), आणि बाजूने बघितल्यावर एका सेक्शनला किती उभे खांब. जाडजूड खांब असतील तर तो कॉलम प्रकार, बोटाएवढ्या बारीक नळ्या असतील तर ट्यूब प्रकार. सेक्शन मोजताना टोकाचे दोन्ही धरा. रेडिएटरवर लाकडी किंवा पत्र्याचं कव्हर असेल तर ते काढा, वरून अंदाजाने मोजू नका.

नेहमी दिसणारे आकडे, एका सेक्शनमागे:

- २ कॉलम, २६ इंच उंच: २.६७
- २ कॉलम, ३२ इंच: ३.३३
- २ कॉलम, ३८ इंच: ४
- ३ कॉलम, २६ इंच: ३.७५
- ३ कॉलम, ३२ इंच: ४.५
- ३ कॉलम, ३८ इंच: ५
- ४ कॉलम, ३८ इंच: ८
- ४ ट्यूब, २६ इंच: २.७५
- ५ ट्यूब, २६ इंच: ३.५
- ६ ट्यूब, २६ इंच: ४

बाकी उंचीचे आणि प्रकारांचे तक्ते नेटवर सहज सापडतात, कारण हे रेडिएटर ठरलेल्या मापांतच बनायचे.

आता एक अख्खं उदाहरण करून बघू, न्यू जर्सीतल्या नेहमीच्या दुमजली घरासारखं. हॉलमध्ये दोन, ३ कॉलम ३८ इंची, एक १० सेक्शनचा आणि एक ८ चा: ५० आणि ४०. डायनिंगमध्ये तसाच ९ चा: ४५. किचनमध्ये २ कॉलम ३८ इंची ६ सेक्शन: २४. जिन्यापाशी तसाच ८ चा: ३२. वरच्या दोन बेडरूममध्ये त्याच प्रकारचे १० आणि ९ सेक्शनचे: ४० आणि ३६. तिसऱ्या लहान बेडरूममध्ये २ कॉलम ३२ इंची ८ सेक्शन: साधारण २७. बाथरूममध्ये २ कॉलम २६ इंची ५ सेक्शन: साधारण १३. बेरीज ३०७. म्हणजे या घराला ३०७ चौरस फूट ईडीआरला पुरेल असा बॉयलर हवा.

मोजताना काढून टाकलेल्या रेडिएटरकडेही लक्ष ठेवा. किचनचं रिमॉडेलिंग करताना आधीच्या मालकांनी एखाद-दोन काढलेले असतात, जमिनीत टोपी लावून बंद केलेला पाइप सापडला की समजायचं. ते परत बसवणार असाल तर आत्ताच बेरजेत धरा. बसवणार नसाल तर सोडा, नसलेल्या रेडिएटरसाठी वाफ बनवायची नाही. बेसमेंटमध्ये पुढे-मागे खोली काढायची असेल तर तेही आत्ताच ठरवा, आधी बॉयलर आणि मग विचार असं करू नका.

५. प्लेटवरचे तीन आकडे आणि त्यातला तुमचा कुठला

प्रत्येक बॉयलरवर इनपुट, आउटपुट आणि नेट असे आकडे असतात. इनपुट म्हणजे जळणारा गॅस. आउटपुट म्हणजे पाण्यात खरी पोचलेली उष्णता. नेट म्हणजे पाइप तापवण्यात आणि सुरुवातीचं थंड लोखंड उचलण्यात जाणारा वाटा वजा करून रेडिएटरसाठी उरलेलं. स्टीममध्ये हा वाटा ३३ टक्के धरतात, म्हणजे आउटपुटला १.३३ ने भागलं की नेट. तो वाटा कंपनीने आधीच धरलेला असतो, त्यामुळे वर आणखी २०-२५ टक्के सेफ्टी म्हणून घालणारा माणूस तुम्हाला फुकटचा मोठा बॉयलर विकतोय.

तुम्ही फक्त एकच करायचं, तुमची बेरीज आणि स्टीमचा नेट आकडा चौरस फुटांत जुळवायचा. वरच्या घरासाठी ३०७ ला २४० ने गुणलं की ७३,६८० बीटीयू, त्याला १.३३ ने गुणलं की साधारण ९८,००० चं आउटपुट लागतं. १,२५,००० इनपुट, १,०४,००० आउटपुट आणि ३२५ चौरस फूट नेट असा बॉयलर बाजारात सहज मिळतो, तो इथे बरोबर बसतो. अशा घरात जुनी प्लेट २,००,००० इनपुटची निघाली तर आश्चर्य वाटून घेऊ नका, पूर्वी सर्रास असंच केलेलं आहे. त्या प्लेटकडे बघून तेवढाच बसवला की पुढची पंचवीस वर्षं तीच चूक चालू राहते.

बेरीज दोन मॉडेलांच्या मधे आली तर? नेट आकड्याच्या चार-पाच टक्के वर गेलात आणि बेसमेंटमधले पाइप नीट गुंडाळलेले असतील तर लहान मॉडेल घ्यायला मी कचरणार नाही, कारण तो ३३ टक्क्यांचा वाटा गुंडाळलेल्या पाइपांना पूर्ण लागत नाही. पाइप उघडे असतील तर आधी ते गुंडाळा. बेरीज फारच वर जात असेल तर पुढचा साइज.

६. कुठला घ्यायचा

९५ टक्के एफिशियन्सी मागू नका, घरगुती स्टीममध्ये ती मिळत नाही. तसले बॉयलर धुरातली वाफ थंड करून तिची उष्णता परत घेतात, त्यासाठी परत येणारं पाणी बरंच कोमट लागतं, आणि इथे तर बॉयलरमध्ये पाणी उकळतंय. अमेरिकेत २०२१ पासून नवीन घरगुती स्टीम बॉयलरला गॅसवर किमान ८२ टक्के आणि ऑइलवर ८५ टक्के असा नियम आहे, आणि गॅसचे बहुतेक त्याच्याच आसपास असतात. एक-दीड टक्क्याच्या फरकासाठी ब्रँड बदलण्यात अर्थ नाही, बरोबर साइज आणि बरोबर पायपिंगने जे वाचतं ते यापेक्षा कितीतरी जास्त.

वाइल-मॅक्लेन, पीअरलेस, बर्नहॅम, युटिका ही नावं सारखी ऐकू येतील. सगळे ओतीव लोखंडाचे, सगळे चालतात. मी तरी बघेन ते असं: तुमच्या भागात त्या ब्रँडचे पार्ट सहज मिळतात का, वाफ वर निघायला दोन मोठ्या जागा आहेत का, आणि नवीन लोखंडाचं पाण्यावर तरंगणारं तेल-मळ वरून काढायची तोटी बसवायला सोयीचं भोक आहे का.

लो वॉटर कटऑफ दोन प्रकारचे येतात. तरंगत्या गोळ्याचा असेल तर हीटिंगच्या दिवसांत दर आठवड्याला तोटी उघडून त्यातला गाळ बादलीत काढावा लागतो. प्रोबवाल्याला दर आठवड्याला हात लावावा लागत नाही, वर्षाला एकदा प्रोब साफ केला की झालं. दर आठवड्याला बेसमेंटमध्ये उतरणं तुम्हाला जमणार नसेल, किंवा डिसेंबरात महिनाभर भारतात जात असाल, तर प्रोबवाला घ्या.

ऑइलवर असाल आणि रस्त्यात गॅस असेल तर बदलायचा मोह होतोच. त्याआधी मीटरपासूनचा गॅसचा पाइप आणि मीटर तेवढा भार घेऊ शकतात का, चिमणीत लायनर (आतून घालायची धुराची नळी) घालावा लागेल का, आणि जुन्या टाकीचं काय करायचं, हे तिन्ही खर्च एकत्र बघा. टाकी जमिनीत पुरलेली असेल तर ती परवानगी घेऊन रीतसर काढावी लागते, आणि गळकी निघाली तर माती साफ करायचा खर्च बॉयलरच्या कितीतरी पट जातो. घर अजून घ्यायचं असेल तर पुरलेल्या टाकीची तपासणी कराराआधी करून घ्या.

आणि कुणीतरी सांगेलच, वाफ काढून टाका, गरम पाण्याचं करा. वन-पाइप घरात ते म्हणजे जवळपास सगळे पाइप नवीन. शिवाय एक-दीड पीएसआय दाबावर शंभर वर्षं काढलेले रेडिएटर १२-१५ पीएसआयच्या पाण्याला टिकतीलच असं नाही.

७. काँट्रॅक्टर कसा ओळखायचा

स्टीमचं काम येणारे लोक कमी झालेत. एअर कंडिशनिंग आणि फर्नेस उत्तम करणारा माणूसही स्टीममध्ये नवखा असू शकतो. आमच्याकडे पहिल्यांदा आलेल्याने जुन्या प्लेटचा फोटो काढला, बेसमेंटच्या जिन्यावरूनच वळला आणि संध्याकाळी कोट पाठवला. वर कुठले रेडिएटर आहेत हे त्याने बघितलंही नाही. अशा माणसाचा कोट कितीही कमी असला तरी बाजूला ठेवा.

चांगला माणूस वरच्या खोल्यांत जातो, रेडिएटर मोजतो, किंवा तुमची शीट घेऊन ताडून बघतो. मागे केलेल्या कामांचे फोटो मागा. फोटोत बॉयलरच्या वर तांब्याचे पाइप दिसले तर पुढे जाऊ नका. वाफेच्या बाजूला चुड्या (आटे) पाडलेले काळे लोखंडी पाइपच हवेत. तांबं जास्त प्रसरण पावतं, सोल्डरचे जोड दर वेळी ताणले जातात आणि काही वर्षांत गळायला लागतात. जमिनीलगत पाण्याने भरलेल्या परतीच्या पाइपाला तांबं चालतं, वर नाही.

कोटमध्ये हे लिहून घ्या (हेडर आणि मेन व्हेंट म्हणजे काय ते पुढच्या भागात आहे): मॉडेल नंबर, बॉयलरमधून वर जाणारे पाइप किती आणि किती इंची, हेडर किती इंची, तेल काढायची तोटी, बसवल्यानंतर तेल काढायला परत येणं, मेन व्हेंट नवीन, पाइपांचं इन्सुलेशन, परमिट, जुना बॉयलर उचलून नेणं. शेवटचा हप्ता तेल काढून झाल्यावर द्यायचा ठरवा.

पाइपांना पांढरं, प्लास्टरसारखं जाड आवरण असेल तर ते अॅस्बेस्टस असायची शक्यता मोठी आहे. त्याला हात लावू नका, झाडू नका, आणि कामगारांनाही ओरबाडू देऊ नका. लायसन्सवाल्या लोकांकडून तपासून, काढून घ्या, आणि हे बॉयलरच्या कामाच्या आधी करा.

८. बॉयलरभोवतीचे पाइप: इथे डोळ्यांत तेल घालून बघा

बरोबर साइजचा उत्तम बॉयलर घेऊनही घर धडाधड वाजतं ते बहुतेक इथल्या चुकीमुळे. उकळत्या पाण्यातून वाफ निघते तेव्हा तिच्याबरोबर पाण्याचे थेंबही वर उडतात. बॉयलरच्या वरचे पाइप ते पाणी वेगळं करून खाली परत पाठवतात आणि कोरडी वाफच पुढे सोडतात. नवीन बॉयलर लहान अंगाचे, कमी पाण्याचे असल्यामुळे त्यांना हे जास्तच लागतं.

मॅन्युअलमध्ये एक आकृती असते, पाइपांच्या किमान मापांसकट. ती प्रिंट काढून बेसमेंटच्या भिंतीवर चिकटवा आणि काम सुरू व्हायच्या आधी काँट्रॅक्टरबरोबर उभं राहून बोला. बघायचं काय:

हेडर, म्हणजे बॉयलरच्या वरचा आडवा पाइप, पाण्याच्या रेषेपासून निदान २४ इंच वर हवा. बॉयलरमधून दोन पाइप वर येत असतील तर आधी ते दोन्ही हेडरला मिळतात, त्यानंतर घराकडे जाणारा पाइप निघतो, आणि अगदी शेवटी पाणी खाली आणणारा इक्वलायझर. घराकडे जाणारा पाइप दोन राइजरच्या, म्हणजे बॉयलरमधून वर येणाऱ्या त्या दोन पाइपांच्या, मधून काढलेला दिसला तर तिथेच थांबवा, दोन्हीकडची वाफ समोरासमोर येते आणि पाणी वर घेऊन जाते. ही चूक मी कितीतरी लोकांच्या बेसमेंटमध्ये बघितलीय. हेडरला उतार इक्वलायझरकडे हवा.

परतीचा पाइप इक्वलायझरला खाली तळाशी न जोडता पाण्याच्या रेषेच्या थोडं खाली आणून जोडतात, त्याला हार्टफर्ड लूप म्हणतात. कनेक्टिकटमधल्या बॉयलरचा विमा उतरवणाऱ्या कंपनीच्या नावावरून हे नाव पडलंय. परतीचा पाइप फुटला तरी बॉयलर पूर्ण रिकामा होत नाही हा त्याचा उपयोग. परतीचे पाइप सिमेंटच्या फरशीखाली पुरलेले असतील तर ते आत्ताच वर काढून नवीन घाला. गळती जमिनीखाली चालू राहिली तर रोज ताजं पाणी बॉयलरमध्ये जातं, त्यातल्या ऑक्सिजनने लोखंड गंजतं, आणि नवा बॉयलर थोड्याच वर्षांत जुना होतो.

मेन व्हेंट म्हणजे बेसमेंटमधल्या मोठ्या पाइपाच्या टोकाचे व्हेंट. ते चोंदलेले असले की हवा निघत नाही आणि वाफ रांगत जाते. गॉर्टन नंबर २ सारखे मोठे बसवले की सगळ्या रेडिएटरपाशी वाफ जवळजवळ एका वेळी पोचते.

९. परमिट, चिमणी आणि कागद

परमिट लागतंच, आणि ते काँट्रॅक्टरने काढायचं. परमिट नको, स्वस्तात करतो म्हणणाऱ्याला नको म्हणा, घर विकताना टाऊनकडून हीच फाइल मागतात. न्यू जर्सीत बॉयलर बदलताना चिमणी ठीक असल्याचं सर्टिफिकेशनही द्यावं लागतं. इन्स्पेक्शन झाल्यावर परमिट क्लोज झालंय ना ते टाऊनमध्ये फोन करून स्वतः विचारा.

जपून ठेवायचे कागद: काँट्रॅक्टरचा लायसन्स नंबर आणि विम्याचं सर्टिफिकेट, सही केलेला कोट, परमिट आणि इन्स्पेक्शनचा कागद, मॅन्युअल, वॉरंटी रजिस्ट्रेशन. बॉयलर पूर्वीपेक्षा लहान झाला असेल तर चिमणीच्या लायनरबद्दल नक्की विचारा, मोठ्या विटांच्या चिमणीत कमी धूर लवकर थंड होतो आणि आत ओल धरते. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपायच्या खोल्यांजवळ असलाच पाहिजे. बेसमेंट फिनिश करताना बॉयलर बंद कपाटात कोंडू नका, ज्योतीला हवा लागते.

१०. बसवल्यानंतरचे पहिले आठवडे

पहिल्यांदा पेटवल्यावर तेल जळल्याचा वास येतो, खिडक्या उघड्या ठेवा, तो जातो. नवीन लोखंडाला आणि चुड्यांना लावलेलं तेल पाण्यावर तरंगतं, आणि तोपर्यंत काचेच्या नळीतलं पाणी वेड्यासारखं वरखाली उडतं. ते तेल खालून पाणी सोडून निघत नाही, वरून साय काढावी तसं काढावं लागतं. बॉयलर गरम पण उकळत नसलेला, तोटी उघडी, आणि पाणी इतकं सावकाश भरायचं की तोटीतून पेन्सिलीएवढीच धार पडेल. बादलीत बघत राहा, सुरुवातीला पाण्यावर इंद्रधनुषी तवंग आणि तपकिरी फेस दिसतो. हे काही तास चालतं आणि थोड्या दिवसांनी परत करावं लागतं. काँट्रॅक्टर दहा मिनिटांत झालं म्हणाला तर झालेलं नाही. शेवटी वाफ चालू असताना नळीतलं पाणी जेमतेम इंचभर हललं पाहिजे.

मग प्रेशर. कुकरची शिट्टी होते तेव्हा आत साधारण १५ पीएसआय असतं, आणि घरातल्या वाफेला त्याचा दहावा हिस्सा पुरतो. प्रेशरट्रोलचा बाहेरचा काटा ०.५ वर आणि आतलं चाक १ वर ठेवा, म्हणजे १.५ ला बर्नर बंद होतो. एखादी खोली गरम होत नाही म्हणून कुणी प्रेशर वाढवू लागला तर वाढवू देऊ नका, तिथला व्हेंट बघा. वन-पाइप रेडिएटरचा व्हॉल्व्ह एकतर पूर्ण उघडा नाहीतर पूर्ण बंद, अर्धवट ठेवला की आत पाणी अडकून हातोडे बसल्यासारखा आवाज येतो. रेडिएटर व्हॉल्व्हकडे किंचित उतरता हवा, वर पाण्याची बाटली आडवी ठेवून बघा, नसेल तर दुसऱ्या टोकाच्या पायांखाली लाकडाची चकती सरकवा.

थर्मोस्टॅटच्या सेटिंगमध्ये स्टीम निवडा, म्हणजे तासाला एकच सायकल. रात्री तापमान फार खाली पाडू नका, दोन-तीन डिग्री ठीक. आणि पाणी भरलं की तारीख टाकून बॉयलरजवळच्या वहीत लिहा. आपोआप पाणी भरणारं यंत्र बसवलं असेल तर मोजणारा आकडा असलेलंच घ्या, नाहीतर गळती वर्षभर लपून राहते. वहीतल्या नोंदी जवळजवळ यायला लागल्या की आधी व्हेंट आणि व्हॉल्व्हचे पॅकिंग तपासा, वाफ तिथूनच जास्त निसटते, आणि ते कोरडे असतील तर परतीच्या पाइपांकडे वळा.